नारळाचे दूध आणि आपली नजर

(तोआ पायोह, सिंगापूर येथे मराठी भाषिक इस्राएली कुटुंबांच्या एलूल महिन्यातील मेळाव्यात, घरगुती पाकस्पर्धेच्या बक्षीस समारंभापूर्वी झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित.)





देवाच्या कृपेने आपण सारे आज येथे एकत्र जमलो आहोत. रोश हशाना अगदी तोंडावर आला आहे, सेलिहोथचे दिवस चालू आहेत. अशा पवित्र दिवसांत आपल्या तरुण मंडळींनी सणाच्या घरगुती पदार्थांच्या छायाचित्रांची स्पर्धा योजली. नियम साधे होते. पदार्थ आपल्याच घरी, आपल्याच हातांनी शिजवलेला असावा. तो आपल्या घराण्यात चालत आलेला असावा. त्याचे एक छायाचित्र फोनवरच्या आपल्या गटात पाठवावे. सर्वांनी मते द्यावीत आणि ज्याला अधिक मते त्याला बक्षीस. बक्षीस म्हणून स्वयंपाकघरातली एक उत्तम पोलादी सुरी ठेवली आहे. ती या टेबलावर खोक्यात आहे. ती देण्यापूर्वी मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली.

एरवी मी हे चार शब्द मोठ्या आनंदाने बोललो असतो. पण स्पर्धा चालू असताना जे घडले ते येथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. एक छायाचित्र गटात आले आणि दोन तासांच्या आत ते परत घेतले गेले. त्याला कारण मी झालो. म्हणून आज मी जे बोलणार आहे ते पाहुण्याचे भाषण नाही. ज्यांचे ते छायाचित्र होते त्या मावशींची अनुमती घेऊनच मी बोलत आहे. त्यांचे नाव मी घेणार नाही आणि आपणही कोणी त्यांच्याकडे वळून पाहू नये, ही विनंती.

आधी काय घडले ते सांगतो. मावशींनी मटणाचे हिरव्या मसाल्याचे कालवण केले होते. त्यांच्या नातवाने त्याचे छायाचित्र काढले. कोथिंबीर-मिरचीच्या हिरव्या रश्श्यावर पांढऱ्याशुभ्र, दाट दुधाची एक सुरेख रेघ वळणे घेत गेलेली दिसत होती. छायाचित्र खरोखरच देखणे होते. ते पाहिल्याबरोबर मी सर्वांसमक्ष एक ओळ लिहिली. ‘मटणात साय घातली आहे का?’ असे मी विचारले. माझ्यापाठोपाठ आणखी दोघांनी तेच विचारले. तिसऱ्याने हसण्याचे चिन्ह टाकले. मावशींनी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने छायाचित्र नाहीसे झाले. त्या शुक्रवारी संध्याकाळी त्या किद्दूशलाही आल्या नाहीत.

ते नारळाचे दूध होते, हे मला नंतर समजले. आणि ते मला आधीच समजायला हवे होते, ही आज माझ्या बोलण्याची मुख्य गोष्ट आहे.

आपल्यापैकी ज्यांनी आपल्या आजीला अलिबागला, पेणला, पनवेलला किंवा मुंबईच्या चाळीत स्वयंपाक करताना पाहिले आहे, त्यांना आठवत असेल. आजी पाटावर बसे, विळी पायाखाली दाबून धरी. विळीच्या टोकाच्या खवणीवर नारळ खवला जाई. ते खोबरे वाटून, पाणी घालून, फडक्यातून पिळले की पहिले दाट दूध निघे. ते वेगळे ठेवीत. त्याच खोबऱ्यात पुन्हा पाणी घालून पिळले की दुसरे पातळ दूध निघे. मटण शिजायचे ते या दुसऱ्या पातळ दुधात. पहिले दाट दूध अगदी शेवटी, भांडे चुलीवरून उतरवता उतरवता पडे; कारण ते खळखळून उकळले तर फुटते. दूध पडले की आजी ते लगेच डावाने ढवळी, आणि रस्सा एकजीव होऊन फिकट हिरवा होई.

मावशींनी नेमके हेच केले होते. फक्त नातू म्हणाला, ‘आजी, थांब, ढवळू नकोस, फोटो चांगला येईल.’ त्याचे काही चुकले नाही. स्पर्धा छायाचित्रांचीच होती. डाव हातात धरून त्या क्षणभर थांबल्या आणि त्या एका क्षणाचे चित्र आपण पाहिले. आधीचे तास-दोन तास आपण पाहिले नाहीत. मांस अर्धा तास पाण्यात ठेवले, तासभर मीठ लावून निथळत ठेवले, तीनदा धुतले, हे आपण पाहिले नाही. दुधातुपाची भांडी वेगळ्या कपाटात आहेत हेही चित्रात आले नाही. आपण पांढरी रेघ तेवढी पाहिली.

आता मला स्वतःला विचारावेसे वाटते की हाच रस्सा पन्नास-साठ वर्षांपूर्वी अलिबागच्या इस्राएल आळीत कोणी ताटात वाढला असता, तर कोणी विचारले असते का, की ही साय आहे का? कोणीही विचारले नसते. कोकणात राहणाऱ्या इस्राएलाला नारळाचे दूध म्हणजे काय, हे शिकवावे लागत नव्हते. शेजारचे हिंदू बांधव मांसाच्या जेवणावर दही-ताक घेत. आपण सोलकढी घेत असू. शेजारचे खिरीत गाईचे दूध घालीत. मांसाच्या जेवणानंतर आपल्या घरी गोड करायचे तर ते नारळाच्या दुधाचे असे. ‘करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये’ या आशयाची आज्ञा तोरात तीन ठिकाणी आली आहे. ती पाळून जेवण चविष्ट कसे करावे, याचे उत्तर आपल्या आज्यांना देवाने अंगणातल्या माडावर टांगून ठेवले होते.

मग मला साय का दिसली? मी प्रामाणिकपणे विचार केला. माझ्या डोळ्यांत आता हॉटेलातले चित्र बसले आहे. लोणी, साय, क्रीम यांच्या पांढऱ्या नक्ष्या काढलेली तांबडी कोंबडी मी जाहिरातींत रोज पाहतो. माझी जीभ कोशेर राहिली असेल, पण नजर कोकणातून उठून केव्हाच हॉटेलात जाऊन बसली होती. आणि गंमत अशी की आपण राहतो त्या तोआ पायोहमध्ये तर नारळाच्या दुधाचे राज्य आहे. येथल्या बाजारात नारळ यंत्रावर किसून ताजा मिळतो. त्याच्या दुधाला मलय भाषेत ‘सांतान’ म्हणतात. लाक्सा त्यातच होते, नासी लमाकचा भात त्यातच शिजतो. लिफ्टने खाली उतरलो असतो तर पहिल्या दुकानाशीच मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असते. अलिबाग सोडून आलो तरी नारळाने आपली साथ सोडली नव्हती. मीच त्याला ओळखले नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या हाखामांनी या विषयाचा विचार केलेला नाही, असे समजू नका. अगदी हाच प्रश्न त्यांच्यापुढे आला होता. राब्बी योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरुख’ हा ग्रंथ १५६५ साली व्हेनिस येथे छापला गेला. त्यावर क्राकोचे राब्बी मोशे इस्सर्लिस यांनी टिपा लिहिल्या. त्या देशात नारळ नव्हता. तेथे बदामाचे दूध करीत. ते लिहितात की बदामाच्या दुधात मांस शिजवले, तर त्याजवळ काही बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याचा गैरसमज होणार नाही. याला हिब्रूत ‘मारीत आयिन’ म्हणतात. म्हणजे डोळ्याला जे दिसते त्यामुळे होणाऱ्या गैरसमजाची काळजी. याहून जुना दाखला तालमूदात आहे. माशाचे रक्त निषिद्ध नाही. पण ते भांड्यात गोळा केले, तर लोकांना ते जनावराचे रक्त वाटेल, म्हणून ते घेऊ नये. मात्र त्यात माशाचे खवले दिसत असतील, तर हरकत नाही. खवले पाहिले की पाहणाऱ्याला आपोआप कळते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, शिजवणाऱ्याने पाहणाऱ्याचा विचार करावा. मावशींच्या भांड्याशेजारी नारळाची एक करवंटी ठेवलेली असती, तर प्रश्नच उद्भवला नसता. हे मी मावशींना सांगितले आणि त्या हसून म्हणाल्या, ‘करवंटी होती, बाबा. फोटो सुंदर दिसावा म्हणून नातवाने बाजूला केली.’ दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जेथे एखादी वस्तू सर्वांच्या परिचयाची असते, तेथे गैरसमजाची भीती उरत नाही, असेही पुढच्या हाखामांनी म्हटले आहे. कोकणात करवंटी ठेवायची गरज नव्हती, कारण पाहणारे डोळे जाणते होते. म्हणजे करवंटी ठेवण्याची पाळी येते तेव्हा दोष एकट्या शिजवणाराचा नसतो. पाहणाऱ्यांची ओळख पुसली गेली आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

आपली ओळख कशी टिकली, हे एकदा आठवू या. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, थोडे स्त्री-पुरुष वाचले, पुस्तके आणि ग्रंथ समुद्रात गेले, असे आपले पूर्वज सांगत आले. शतकानुशतके आपण तेल गाळीत राहिलो, शनिवारी घाणा बंद ठेवीत राहिलो आणि लोक आपल्याला ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पुढे डेव्हिड राहाबी कोकणात आले. हे लोक खरोखर इस्राएल आहेत की नाहीत, हे त्यांना पाहायचे होते. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या स्त्रियांपुढे अनेक जातींचे मासे एकत्र ठेवले आणि शिजवायला सांगितले. स्त्रियांनी पंख आणि खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. ते आम्ही खात नाही, म्हणाल्या. राहाबींची खात्री पटली. मग त्यांनी झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना धर्मशिक्षण दिले आणि ते समाजाचे काजी झाले.

या कथेकडे मी आज नव्या दृष्टीने पाहतो. राहाबींनी पुरुषांना बोलावून प्रार्थना म्हणायला लावली नाही. ग्रंथ मागितला नाही, तो नव्हताच. त्यांनी स्वयंपाकघराची परीक्षा घेतली. आणि त्या परीक्षेत त्यांनी काय पाहिले? ताटात काय वाढले ते नव्हे. टोपलीत काय मागे ठेवले ते पाहिले. लेवीयच्या ११ व्या अध्यायातली आज्ञा त्या बायकांनी वाचलेली नव्हती. ती त्यांच्या हातांत होती. आज आपण तोआ पायोहच्या बाजारात जातो तेव्हा मासा कापून तुकडे केलेला न घेता अखंड घेतो, खवले डोळ्यांनी पाहतो आणि मगच कापायला सांगतो. येथे ज्याला कुराव म्हणतात तो आपला रावस. तेंगिरी म्हणजे आपली सुरमई. आणि केळीच्या पानावर भाजलेला, ज्याच्यासाठी लोक रांगा लावतात तो पाकट मासा आपण घेत नाही, कारण त्याला खवले नाहीत. ही मागे ठेवलेली वस्तू कोणत्याही छायाचित्रात येत नाही. छायाचित्राला फक्त असलेले दाखवता येते; आपल्या स्वयंपाकघराचा अर्धा धर्म नसलेल्या वस्तूंत आहे.

आणि पाहा, आठवड्यातले आपले सर्वांत सुंदर जेवण कधीच छायाचित्रात येत नाही. शुक्रवारी सात वाजण्याच्या सुमारास येथे सूर्य मावळतो. त्याआधी दिवे लागतात, मनुकांचे सरबत पेल्यात भरले जाते, आणि त्यानंतर कोणी फोन हातात घेत नाही. ते ताट ज्याने पाहिले त्याने पाहिले. म्हणून मी तरुणांना म्हणतो, छायाचित्रे जरूर काढा. पण छायाचित्रालाच साक्षीदार मानू नका. ते अर्धी साक्ष देते. उरलेली अर्धी साक्ष माणसाने माणसाविषयी द्यायची असते.

येथे मी माझ्या चुकीकडे वळतो. पिर्के आवोथच्या पहिल्याच अध्यायात येहोशुआ बेन पेराह्या यांची शिकवण आहे की कोणाचाही न्याय करताना पारडे त्याच्या बाजूने झुकू द्यावे. मी पारडे उलट बाजूने झुकवले. ज्या बाईने या परक्या शहरात आयुष्याची कित्येक वर्षे, वॉटरलू स्ट्रीटच्या सिनेगॉगशेजारच्या केंद्रातून कोशेर मांस आणून, बसने घरी नेऊन, पिढीजात रीतीने शिजवले, तिच्याविषयी मी एका क्षणाच्या चित्रावरून शंका घेतली. शंका आली हे एक वेळ समजू शकेल. शंका आली तर मी फोन उचलून तिला एकटीला विचारायला हवे होते. तोरा आपल्याला सांगते की आपल्या भावाची चूक दिसली तर त्याला सांगावे. पण त्याच वचनात पुढे म्हटले आहे की त्याच्यामुळे आपण पापाचे धनी होऊ नये. हाखाम याचा अर्थ असा लावतात की सांगताना त्याचा चेहरा उतरेल असे सांगू नये. चारचौघांत दुसऱ्याचा चेहरा पांढरा पाडणे हे रक्त सांडण्यासारखे आहे, असे तालमूदात म्हटले आहे. मी रश्श्यातल्या पांढऱ्या रेघेचा विचार करीत होतो; मावशींच्या चेहऱ्याचा विचार केला नाही.

आता या सुरीविषयी दोन शब्द, कारण तीही याच विषयाची आहे.

आपल्या धर्मात सुरीला मोठे स्थान आहे. शोहेताची सुरी तर नखाने आणि बोटाच्या मांसाने चाचपून, पात्याच्या दोन्ही अंगांनी आणि धारेवरून तपासली जाते. केसाएवढी खाच सापडली तरी ती चालत नाही. आव्राहाम आबीनू इझ्झाकला घेऊन मोरियाच्या डोंगरावर गेले तेव्हा त्यांच्या हातातल्या सुरीला तोरात ‘माआखेलेत’ म्हटले आहे. रोश हशानाच्या दुसऱ्या दिवशी आपण तो भाग ऐकणार आहोत. हा शब्द ‘खाणे’ या धातूपासून आला आहे. राशी सांगतात की इस्राएल आजही त्या कृत्याचे फळ खात आहे, म्हणून तिला हे नाव.

पण हीच सुरी जेवणानंतर बिर्कथ हामाझोन म्हणण्यापूर्वी टेबलावरून उचलावी किंवा झाकावी, अशीही रूढी आहे. ‘शुल्हान आरुख’मध्ये ती सांगितली आहे, शब्बाथला आणि सणाला मात्र झाकीत नाहीत, असेही तेथे म्हटले आहे. का झाकावी? आपले जेवणाचे टेबल हे वेदीच्या ठिकाणी आहे, असे हाखाम मानतात. वेदीच्या दगडांना लोखंड लावू नये, अशी आज्ञा निर्गमच्या २० व्या अध्यायात आहे. मिश्ना त्याचे कारण देते की लोखंड माणसाचे आयुष्य कमी करण्यासाठी आहे आणि वेदी ते वाढवण्यासाठी. कमी करणाऱ्या वस्तूने वाढवणाऱ्या वस्तूवर हात उगारू नये. स्वयंपाकात सुरी हवी. पण आशीर्वादाच्या वेळी ती समोर नको. मला वाटते, जिभेचेही असेच आहे. एकमेकांचे अन्न कोशेर आहे की नाही याची चौकशी आवश्यक असते. पण ती चौकशी आशीर्वादाच्या ठिकाणी उघडी पडून राहू नये.

तालमूदाच्या ‘आवोदा झारा’ या भागाच्या अगदी शेवटच्या पानावर सुरीची एक गोष्ट आहे. इराणचा राजा शापूर याच्यासमोर मार येहूदा आणि बाती बार तोवी असे दोघे बसले होते. राजाने एथ्रोग कापला आणि स्वतः खाल्ला. पुन्हा कापला आणि बातीला दिला. मग त्याने तीच सुरी दहा वेळा जमिनीत खुपसून शुद्ध केली आणि मगच फोड कापून मार येहूदाला दिली. बाती म्हणाला, मी इस्राएल नाही का? राजाने उत्तर दिले की याच्या आचरणाविषयी माझी खात्री आहे, तुझ्याविषयी नाही. राजाजवळ त्याला काही कारण होते, असे तेथेच सांगितले आहे. पण मला त्या गोष्टीत बातीचा प्रश्न ऐकू येतो. ‘मी इस्राएल नाही का?’ एका सुरीच्या पात्यावरून माणसाला किती दूर सारता येते, हे त्या प्रश्नात आहे. मावशींनी किद्दूशला न येऊन मला तोच प्रश्न विचारला. आणि माझ्याजवळ राजासारखे काहीही कारण नव्हते.

आपल्याकडे फार माणसे नाहीत, बंधुभगिनींनो. १८७८ साली उघडलेले मागेन आवोथ आणि १९०५ साली बांधलेले हेसेद एल, ही या शहरातली दोन्ही सिनेगॉग बगदादी बांधवांनी उभारली. त्यांनी आपल्याला प्रेमाने सामावून घेतले. पण मराठीतून ‘जरा मीठ दे’ असे म्हणणारी इस्राएल घरे येथे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांतले एक घर रुसून दूर गेले, तर त्याबरोबर हिरव्या मसाल्याचे प्रमाण जाते, पहिल्या आणि दुसऱ्या दुधाचे ज्ञान जाते, मलिद्याच्या ताटात पोहे किती भिजवायचे हे जाते. एस्थर डेव्हिड यांनी भारतातल्या निरनिराळ्या इस्राएल समाजांच्या स्वयंपाकावर लिहिलेले पुस्तक २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्या कामासाठी त्यांना गावोगावच्या घरांत जाऊन बायकांजवळ बसावे लागले; कारण हे ज्ञान कोठे लिहिलेले नसते, ते हातांत असते. आपल्या तोआ पायोहमधल्या हातांची नोंद कोण करणार? येथे चिनी, मलय, तमिळ शेजारी एकाच मजल्यावर राहतात. जवळच १९७७ सालची मुहाजिरीन मशीद आहे, शुआंग लिनचा बौद्ध मठ आहे. आमचे मुसलमान शेजारी हलाल पाहून खातात, मठात शाकाहार चालतो. ‘आम्ही हे खात नाही’ असे म्हणणाऱ्याकडे येथे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. परक्यांनी जे आपल्याला दिले ते आपण आपल्याच मावशीला देऊ नये, याचे मला वाईट वाटते.

आता निकालाकडे येतो. सर्वांत अधिक मते चिकाच्या हलव्याच्या छायाचित्राला मिळाली. तो केला आहे आपल्यातल्या एका नवविवाहित तरुणाने. हल्ली आपण चिकाऐवजी चायना ग्रास वापरतो. त्याला येथे अगर-अगर म्हणतात; तो शब्द मलय भाषेतलाच आहे आणि तो येथे प्रत्येक दुकानात मिळतो. पण या तरुणाने सोपी वाट घेतली नाही. त्याने गहू तीन दिवस पाणी बदलत भिजवले, वाटले, गाळले, चीक खाली बसू दिला, वरचे पाणी ओतून टाकले आणि मग साखर व नारळाचे दूध घालून तो गोळा होईपर्यंत ढवळला. त्याची आई मुंबईहून फोनवर पाहत होती आणि थांबू नको, थांबू नको, असे म्हणत होती. मी त्याचे मनापासून अभिनंदन करतो. फक्त एक गोष्ट आपल्या ध्यानात आणून देतो. त्या हलव्यातही तेच नारळाचे दूध होते. तेथे ते आपण कौतुकाने ओळखले.

बाळा, ही सुरी तू घरी नेल्याबरोबर वापरू नकोस. गणनाच्या ३१ व्या अध्यायाच्या आधारे धातूची नवी भांडी तेवीला करून मगच वापरायची असतात. तिच्यावरची चिकटलेली कागदी पट्टी पूर्ण काढ, आपल्या हाखामसाहेबांना विचारून बेराखा म्हण आणि ती बुडवून घे. त्यानंतर ती मांसाला ठेवायची, दुधाला ठेवायची की भाजीपाल्याला, हे एकदाच ठरव आणि मुठीवर खूण कर. विळीला हे सारे करावे लागत नसेल असे समजू नकोस. तुझ्या आजीच्या घरीही खुणेच्या विळ्या वेगळ्या असतील.

पुढच्या वर्षी ही स्पर्धा झाली तर माझ्या तीन सूचना आहेत. छायाचित्राबरोबर पदार्थाची कृती चार ओळींत लिहावी. तो कोणाकडून शिकलो, हे नावानिशी लिहावे. आई, आजी, सासू, जी कोणी असेल ती. आणि तिसरी सूचना माझ्यासारख्यांसाठी आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर त्याने गटात न विचारता घरी जाऊन विचारावे आणि जाताना हात रिकामे नसावेत. या सर्व कृती एका वहीत उतरवून ठेवू, म्हणजे पुढच्या पिढीला करवंटी शोधावी लागणार नाही.

शेवटी, मिश्ना आपल्याला सांगते की योम किप्पूर हा दिवस देवाविरुद्धच्या पापांची क्षमा मिळवून देतो. पण माणसाविरुद्धचे पाप त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय फिटत नाही. मी मावशींच्या घरी गेलो होतो. त्यांनी दार उघडले, पाणी दिले, आणि मी काही बोलण्याआधी म्हणाल्या, ‘जेवून जा.’ जेवताना तोच हिरवा रस्सा होता आणि त्यावर सोलकढी. त्यांनी मला क्षमा केली. पण मी त्यांना चारचौघांत दुखवले होते. दाराआड मागितलेली क्षमा त्याला पुरत नाही. म्हणून मावशी, या सर्व मंडळींच्या समक्ष मी आपली क्षमा मागतो. माझी चूक झाली. आपले कालवण कोशेर होते, आहे, आणि आपल्या हातून ते तसेच होत राहो. ते छायाचित्र आपण पुन्हा पाठवलेत, तर आम्हा सर्वांवर उपकार होतील. मग ढवळलेले असो वा न ढवळलेले.

देव आपल्या सर्वांना येणारे वर्ष आरोग्याचे, शांतीचे आणि एकोप्याचे देवो. आपली नावे जीवनाच्या पुस्तकात लिहिली जावोत. शाना तोवा. तिझ्कू लेशानीम राब्बोथ.